तर्षण आणि परासरण : पेशीपटलविषयक परिभाषेची चिकित्सा

अर्धपार्य पटलातून होणाऱ्या पाण्याच्या वहनास मराठीत दोन नावे रूढ आहेत. मराठी विश्वकोशाने ‘तर्षण’ हा शब्द पत्करला, तर शालेय पाठ्यपुस्तकांनी ‘परासरण’ स्वीकारला. धाराशिव जिल्ह्यातील विद्यार्थी वर्गात एक शब्द शिकतो आणि अधिक माहितीसाठी विश्वकोश उघडतो, तेव्हा त्यास दुसराच शब्द भेटतो. ही गैरसोय आहेच. परंतु प्रश्न तेवढ्यापुरता नाही. पारिभाषिक शब्द हा एका परीने संक्षिप्त सिद्धान्त असतो. तो चुकीचे चित्र मनावर बिंबवीत असेल, तर पुढील सारे विवेचन त्या चित्राच्या ओझ्याखाली दबते.

ह्या क्रियेचा पहिला प्रसिद्ध प्रयोग 1748 मध्ये नोले ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने केला. मद्यार्काने भरलेल्या भांड्याच्या तोंडास प्राण्याचे मूत्राशय ताणून बांधले व भांडे पाण्यात बुडविले, तेव्हा पाणी आत शिरून पडदा फुगला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात द्युत्रोशे ह्याने ह्या क्रियेस जे नाव योजिले, त्याच्या मुळाशी ‘धक्का’ ह्या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. मराठीतील ‘तर्षण’ मात्र ‘तृष्’ ह्या धातूवरून आले आहे. त्याचा अर्थ तहान. एकाच घटनेकडे ग्रीक शब्द ढकलणे म्हणून पाहतो आणि मराठी शब्द तहान म्हणून.

‘तर्षण’ हा शब्द चित्रदर्शी आहे, ह्यात शंका नाही. 1972 च्या दुष्काळाची आठवण ज्या मुलखात अद्याप सांगितली जाते, तेथे तहानेचा अर्थ समजावून द्यावा लागत नाही. परंतु ह्या गुणातच त्याचा दोष आहे. तहान म्हटली की तहानलेला कोणीतरी आला. मिठाचे किंवा साखरेचे द्रावण पाण्याची अभिलाषा धरीत नाही. पाण्याचे रेणू पटलातून दोन्ही दिशांनी सतत ये-जा करीत असतात. ज्या बाजूस विरघळलेले पदार्थ अधिक, त्या बाजूकडून परतणारे पाणी कमी पडते, आणि हिशेबाअंती वहन त्या बाजूकडे झालेले दिसते. उलट ‘परासरण’ हा शब्द असली कोणतीही इच्छा कल्पीत नाही. तो निर्दोष आहे. पण मुकाही आहे. दूर सरणे एवढेच तो सांगतो. कोण सरते व कोठे, हे सांगत नाही.

आश्चर्य असे की, ह्या दोहोंहून अचूक बोल घरातल्या भाषेत आधीपासून आहे. कैरीच्या फोडींना मीठ लावले की ‘पाणी सुटते’. ह्या प्रयोगात ना तहान आहे ना धक्का. पाणी हाच कर्ता आहे. हेच सूत्र शेतासही लागू पडते. काळ्या जमिनीस पाटाचे पाणी वारेमाप दिले व निचरा झाला नाही, की क्षार वर येतात. मग मातीत ओल असूनही रोप सुकते, कारण मुळांना ते पाणी घेता येत नाही. पाठ्यपुस्तकातील व्याख्या ह्या दोन अनुभवांना जोडून शिकविली गेली, तर ‘परासरण’ शब्दाचे मुकेपण उरणार नाही.

तथापि दोन्ही शब्दांची खरी मर्यादा निराळी आहे. ते पटलास चाळणी समजतात. स्कौ ह्याने 1957 मध्ये सोडियम-पोटॅशियम पंपाचा शोध लावला. हा पंप ऊर्जा खर्चून सोडियमचे तीन आयन बाहेर टाकतो व पोटॅशियमचे दोन आत घेतो. 1992 मध्ये तर अ‍ॅग्र ह्यांनी दाखविले की, पाण्याकरिताही पटलात स्वतंत्र प्रथिनमार्ग असतात. पाठ्यपुस्तकांतील ‘निवडक्षम पारपटल’ ही संज्ञा म्हणून अधिक समर्पक ठरते. मात्र ह्या निवडीतील पुष्कळशी निवड विनामूल्य होत नाही, हे तिच्यासोबत सांगितले गेले पाहिजे.

हा शब्दच्छल नव्हे. अतिसाराने शुष्क झालेल्या बालकास नुसते पाणी पुरत नाही. आतड्याच्या पेशी ग्लुकोज व सोडियम ह्यांना जोडीने आत घेतात आणि त्यांच्यामागून पाणी येते. क्रेन ह्यांनी 1960 मध्ये ही जोडी मांडली. 1971 मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत दिलीप महालनबीस ह्यांनी मीठ-साखरेच्या पाण्याने रुग्ण वाचविले. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण पाठ करणाऱ्या आईस ‘साखर कशाला?’ ह्या प्रश्नाचे उत्तर ‘तर्षण’ देत नाही व ‘परासरण’ही देत नाही. ते उत्तर पेशीपटलाच्या दारात आहे.

तेव्हा शाळेत ‘परासरण’ हीच संज्ञा ठेवावी व तिच्या शेजारी ‘तर्षण’ हा पर्याय नोंदवावा, हे इष्ट. परंतु मनुके पाण्यात फुगले, साखरेच्या पाकात आक्रसले, येथे पाठ संपू नये. मनुक्यात जिवंत पेशी नसते. जिवंत पेशी काय आत घेते, काय बाहेर टाकते आणि त्यासाठी काय खर्च करते, येथपर्यंत तो गेला, तरच मराठीतून शिकलेले शास्त्र धाराशिवच्या शेतात आणि घरात उपयोगी पडेल.