निनावी, पण कोणाला?

आजचा विषय आहे चहाचा कप. चहा नव्हे, कप. त्यातही हाताने घडवलेला आणि रोज वापरायचा. विषय कळवला तेव्हा आयोजकांपैकी एकांनी काळजीने विचारलं, "एवढा वेळ पुरेल ना हो?" (हशा) पुरेल. उलट आटोपतं घ्यावं लागेल.

सुरुवात घरातून करू. आम्ही दोघं गेली बरीच वर्षं हातघडणीचे कप जमवतो. महागडे नाहीत. प्रदर्शनातून, प्रवासातून एकेक आणलेले. घरातला नियम एकच, जो कप आणला तो चहाला वापरायचा, काचेच्या कपाटात ठेवायचा नाही. मागच्या पावसाळ्यात त्यातला सगळ्यात लाडका, करड्या झिलईचा कप धुताना हातातून निसटला. कान तुटला, पोटाला तडा गेला. म्हटलं, ठीक आहे, त्याच माणसाकडून दुसरा घेऊ. आणि लक्षात आलं की तो कोणी घडवला हेच आम्हाला ठाऊक नाही. कप उलटा केला. बुडाला खूण नाही, नाव नाही. कोणत्या शहरात घेतला ते आठवत होतं, किती रुपये दिले तेही आठवत होतं. समोर बसलेला माणूस मात्र आठवत नव्हता.

त्या दिवसापासून आमच्या एका आवडत्या पुस्तकाशी आमचं भांडण सुरू झालं. आज ते भांडण तुमच्यासमोर मांडतो.

पुस्तक आहे 'द अननोन क्राफ्ट्समन'. म्हणजे अनामिक कारागीर. जपानी विचारवंत सोएत्सु यानागी (१८८९–१९६१) यांचे लेख त्यांचे मित्र, इंग्रज कुंभार बर्नार्ड लीच यांनी इंग्रजीत आणले आणि १९७२ साली ते पुस्तक निघालं. कुंभार शोजी हामादा आणि कान्जिरो कावाई यांच्यासोबत यानागींनी १९२५ साली 'मिंगेई' हा शब्द घडवला. सामान्य लोकांची कला, असा त्याचा अर्थ. १९३६ साली तोक्योत त्यांनी या वस्तूंचं संग्रहालय उभं केलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की खरं सौंदर्य रोजच्या वापराच्या, स्वस्त, भरपूर संख्येने बनलेल्या वस्तूत असतं. ती घडवणाऱ्याला आपण कलावंत आहोत याचं भानही नसतं. तो निनावी असतो, आणि म्हणूनच वस्तू निर्मळ उतरते.

याचं त्यांनी दिलेलं सर्वांत गाजलेलं उदाहरण म्हणजे 'किझाएमोन' नावाचा चहाचा वाडगा. क्योतोच्या दाइतोकुजी मंदिराच्या आवारात कोहोआन नावाचं एक छोटं मंदिर आहे, तिथे तो असतो. यानागींना तो १९३१ साली बघायला मिळाला. पेटीत पेटी, तिच्यात आणखी पेटी, आत रेशमी कापड, असा सगळा थाट. आणि बाहेर काय आलं? कोरियातल्या गरिबाच्या घरात जेवायला वापरतात तसा साधा वाडगा! यानागींना त्याचाच आनंद झाला. जपानच्या चहागुरूंनी साध्या वाडग्यातलं सौंदर्य ओळखलं, ही त्यांच्या मते फार मोठी गोष्ट होती. आज तो वाडगा जपानचा राष्ट्रीय ठेवा आहे.

यानागींचं जे पटतं ते आधी सांगतो. वापराशिवाय कप कळत नाही, हे शंभर टक्के खरं. जपानमध्ये हागी नावाची भांडी आहेत. त्यांची माती सच्छिद्र आणि झिलईला बारीक भेगा. चहा त्या भेगांत मुरतो आणि वर्षानुवर्षं रंग बदलत जातो. हागीची सात रूपं, असं तिकडे म्हणतातच. कपाटातल्या हागीला हे भाग्य नाही.

वापराने आणखी एक कळतं. जपानी कपाला कान का नसतो? तिथला रोजचा हिरवा चहा उकळत्या पाण्याचा नसतो, साठ-सत्तर-ऐंशी अंशांचा. कप दोन्ही हातांत धरता येतो. आपला चहा म्हणजे दूध घालून उकळलेला, गॅसवरून थेट कपात. बिनकानाचा सुंदर कप घ्या आणि बोटं भाजून घ्या, आम्ही भाजून घेतली आहेत. (हशा) म्हणून आपल्याला कान लागतो, दोन बोटं सहज जातील एवढा. काठ पातळ हवा, पण टवके उडतील इतका नाही. माती बाराशे अंशांच्या वर भाजलेली आणि आतून नीट झिलई दिलेली हवी. माठाची माती कमी आचेवर भाजतात, ती पाझरते, म्हणून तर पाणी गार होतं. पण त्याच गुणामुळे ती दुधाचा चहा शोषते, आणि चार दिवसांनी वास येतो. हे ज्ञान काचेबाहेर उभं राहून मिळत नाही.

आता भांडण. त्या वाडग्याला किझाएमोन हे नाव कोणाचं? घडवणाऱ्याचं नाही. ते ओसाकाच्या एका व्यापाऱ्याचं, म्हणजे मालकाचं. आख्यायिका अशी, की तो कफल्लक झाला तरी त्याने वाडगा सोडला नाही. पुढे तो मात्सुए प्रांताचे अधिपती मात्सुदाइरा फुमाई यांच्याकडे गेला. वाडगा बाळगणाऱ्याला गळवं होतात म्हणे, म्हणून त्यांच्या पश्चात तो मंदिरात दिला गेला. बघा, मालकांची नावं आहेत, त्यांच्या गळवांचासुद्धा इतिहास आहे. फक्त चाकावर बसलेल्या माणसाचं नाव नाही. आणि यानागी म्हणतात, तो अनामिक आहे. अहो, अनामिक कोणाला?

त्याच्या गावात तो अनामिक होता का? शेजारणीने वाडगा घेतला तेव्हा तिला माहीत नव्हतं की हा कोणाचा मुलगा, कोणाच्या भट्टीतला? इतिहासही बघा. १५९२ ते १५९८ या काळात हिदेयोशीने कोरियावर स्वाऱ्या केल्या आणि तिथल्या कुंभारांना पकडून जपानमध्ये नेलं. कशासाठी? त्यांचं कसब हवं होतं म्हणून. अरिता गावात चिनी मातीचा उद्योग सुरू करण्याचं श्रेय ज्याला देतात तो यी साम-प्योंग त्यांच्यातलाच. नाव आहे की त्याचं! यानागी लिहीत होते तेव्हाही कोरिया जपानच्या ताब्यात होता. त्यांच्यावर अन्याय करायचा नाही. सोलच्या राजवाड्याचा दरवाजा पाडायचा घाट घातला गेला तेव्हा त्यांनी १९२२ साली जाहीर विरोध केला, १९२४ साली सोलमध्येच कोरियन लोककलेचं संग्रहालय काढलं. माणूस प्रेमळ होता. पण दुरून प्रेम केलं की चेहरे पुसट होतात.

हे आपल्याला कळायला अवघड नाही. बलुतेदारीत गावाचा कुंभार ठरलेला असे. मडकं पाझरलं तर त्याच्या दारात जाऊन भांडता येई. आता नाव माहीत असणं म्हणजे मान असणं नव्हे. त्याला अरे-तुरे होतं, धंदा बदलायची मोकळीक नव्हती, हेही बोललं पाहिजे. पण निनावी? नाही. आपल्या संतमंडळीत तर तेरचे गोरोबाकाका आहेतच, आडनावासारखा कुंभार शब्द लावून. थापटणं हातात घेऊन कोणाचं मडकं कच्चं हे त्यांनीच सांगितलं, आणि ते नामदेवांनाही ऐकून घ्यावं लागलं, अशी कथा आहे. भान नसलेला कारागीर म्हणतात तो हा नव्हे.

यानागींच्या बाजूने एक मुद्दा उरतो. सही आली की भांडं सहीसाठी बनतं, अहंकार शिरतो. त्यांचे मित्र हामादा माशिको गावात काम करत आणि आपल्या भांड्यांवर खूण करत नसत. आदर वाटतो. पण हामादांचं नाव जगाला माहीत होतं, १९५५ साली जपान सरकारने त्यांचा राष्ट्रीय सन्मान केला, आणि भांड्याच्या लाकडी पेटीवर त्यांची सही असे. सही न करण्याची चैन त्यांना परवडत होती. खूण करायची की नाही हे कुंभाराने ठरवावं. नाव विचारायचं की नाही हे मात्र घेणारा ठरवतो, आणि तिथे साधेपणाचं तत्त्वज्ञान पुढे करणं म्हणजे आपल्या आळसाला छान कापड गुंडाळणं.

आज आपल्याकडे दोन रांगा दिसतात. एकीकडे स्टुडिओतले कलावंत. त्यांच्या कपाखाली शिक्का, सोबत माहितीचं कार्ड. या परंपरेचा एक धागा थेट यानागींच्या मंडळींशी जुळतो, कारण दिल्ली ब्लू पॉटरीचे सरदार गुरचरण सिंग तरुणपणी जपानमध्ये शिकले आणि तिथे त्यांना लीच, हामादा, यानागी भेटले. दुसरीकडे पिढीजात कुंभार, रस्त्याकडेला पणत्या आणि कुल्हड घेऊन बसलेला. पहिल्याला आपण नावाने ओळखतो आणि दुसऱ्याला म्हणतो, "कशी दिली डझन?" माती दोघांच्या हाताला सारखीच लागते.

तो तुटका कप आम्ही टाकला नाही. त्यात आता पेनं ठेवतो. आणि घरच्या नियमात एकाची भर घातली आहे. कप घेताना काठ बघायचा, कान बघायचा, टिचकी मारून आवाज ऐकायचा, आणि नाव-गाव विचारून त्याच दिवशी वहीत लिहायचं. वहीत सध्या अकरा नावं आहेत. कप त्याहून बरेच जास्त आहेत, हे कबूल करतो.

घरी गेलात की आपापला कप जरा उलटा करून बघा. मात्र आधी चहा संपवा. (हशा)