जुन्या हत्यारांचा जिव्हाळा

नाशिकच्या तांबटाला वडिलांची हातोडी जितकी प्रिय, तितकेंच पन्नाशी गांठलेल्या प्रोग्रॅमरला ‘टर्बो सी’ हें साधन प्रिय असतें. सी ही संगणकास आज्ञा देण्याची भाषा. ती डेनिस रिची यांनीं १९७२ च्या सुमारास घडविली. आपली आज्ञावली यंत्राच्या भाषेंत उतरविणारें टर्बो सी बोरलंड कंपनीनें १९८७ सालीं काढलें. निळा पडदा, त्यावर पिवळीं अक्षरें, एफ-९ ची कळ दाबतांच उमटणारी चुकांची यादी, यांवांचून त्या पिढीच्या आठवणी पुऱ्या होत नाहींत. प्रस्तुत लेखकहि त्याच पिढींतला.

हा जिव्हाळा म्हणजे केवळ सरल्या तारुण्याचा शोक काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. आज्ञावली लिहिणें, तपासणें, चालविणें हीं सर्व कामें एकाच पडद्यावर होत; एखादा शब्द अडला तर त्याचा अर्थ तेथेंच मिळे. सारें साधन थोड्याशा फ्लॉपींत मावे आणि विद्यार्थ्याच्या बुद्धींतहि मावे. नागपूरचे यशवंत कानेटकर यांचें ‘लेट अस सी’ शेजारीं उघडें ठेवून कित्येक मराठी मुलांनीं याच पडद्यावर श्रीगणेशा केला. आजचीं साधनें अधिक समर्थ खरीं. पण नवशिक्याच्या दृष्टींत तीं सबंध मावत नाहींत. जुन्या साधनाचें खरें सौंदर्य या आटोपशीरपणांत आहे.

परंतु प्रेम विवेक सोडतें तेथें टीकेचें काम सुरू होतें. टर्बो सी मध्यें साध्या पूर्णांकाची कमाल मर्यादा ३२,७६७. त्यांत एक मिळविला कीं उत्तर उणे ३२,७६८ येई. ही मर्यादा सोळा-बिटी साधनाची, सी भाषेची नव्हे. सी भाषेचें प्रमाण १९८९ सालीं ठरलें. तरी पुढें कित्येक वर्षें आम्हीं प्रयोगशाळेंत मुलांना त्याच पडद्यापुढें बसविलें, आणि साधनाचे दोष त्यांनीं भाषेचे नियम म्हणून पाठ केले. नोकरी लागल्यावर त्यांतील एकाला तें सारें विसरून पुन्हा शिकावें लागलें. भेटींत त्यानें तें हंसत सांगितलें. तें हंसणें आमच्या जिव्हारीं लागलें.

आटोपशीर साधनाचा आग्रह शिक्षकानें अवश्य धरावा. निळा पडदा मात्र आपल्या आठवणींत ठेवावा; त्यासाठीं मुलांचीं वर्षें खर्ची घालण्याचा अधिकार आपणांस नाहीं.