निसर्ग कवीला काय देतो?

मित्रहो, मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं होतं, "निवृत्तीनंतर गावाकडं राहायला आलो. समोर डोंगर आहे, नदी आहे, पाऊस आहे. वही घेऊन बसतो, पण काही सुचत नाही. असं का?" उत्तर तेव्हा टाळलं होतं, कारण ते दोन मिनिटांत देण्यासारखं नव्हतं. आज तोच प्रश्न घेऊ या.

या प्रश्नात एक गृहीतक दडलेलं आहे. निसर्गात स्फूर्ती साठवलेली असते, आपण जवळ गेलो की ती आपल्यात उतरते, असं आपण धरून चालतो. हे खरं असतं, तर एकाच निसर्गातून साधारण एकाच जातीची कविता यायला हवी होती. मराठीत याची आयती परीक्षा आहे. बहिणाबाई चौधरी यांचा जन्म 1880 सालचा, जळगावजवळच्या आसोद्याचा. बालकवी, म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोंबरे, 1890 साली धरणगावी जन्मले. मुलूख एकच, खानदेश. काळही जवळपास एकच. तीच काळी माती, तोच उन्हाळा. आणि कविता? एकमेकींना ओळखही दाखवणार नाहीत इतक्या वेगळ्या!

बालकवींचा निसर्ग पाहणाऱ्याचा आहे. तिथं झरा, हिरवळ, संध्याकाळचे रंग आहेत. कुणाला घाई नाही, कुणाला काम नाही. बहिणाबाईंकडं 'निसर्ग' नावाचं वेगळं काही नाहीच. शेत आहे, मोट आहे, जातं आहे, पिकात शिरणारं ढोर आहे. त्या ढोराला सारखं हाकलावं लागतं, म्हणून मन कसं असतं हे सांगताना त्यांना तेच आठवतं. सुगरणीच्या खोप्याकडं त्या गंमत म्हणून बघत नाहीत. पाखराला एवढ्याशा चोचीनं हे जमतं, मग हात असलेल्या माणसानं काय केलं, असा हिशेब मागतात. अक्षरओळख नसलेल्या बाईनं काम करता करता गाणी म्हटली, घरच्यांनी ती टिपून ठेवली, आणि 1952 साली, त्यांच्या निधनानंतर, पुस्तक आलं. म्हणजे डोंगर, पाऊस, पाखरू ही नुसती सामग्री झाली. आपलं तिच्याशी नातं काय, यावर कविता ठरते.

इथं कुणी म्हणेल, मग नातं बदलतं कशानं? आयुष्यातल्या घडामोडींनी. बरोबर आहे, पण इथंच दुसरा खड्डा आहे आणि त्यात आम्ही स्वतः पडलो होतो, हे आज कबूल करतो.

कितीतरी वर्षं आम्ही वर्गात 'औदुंबर' शिकवला. आठ ओळींची कविता. शेवटी काळा डोह येतो, आणि आम्ही गंभीर आवाजात सांगायचो की 5 मे 1918 रोजी जळगावजवळच्या भादली स्टेशनात रेल्वेच्या रुळांवर हा कवी गेला, वय अवघं सत्तावीस. वर्ग शांत व्हायचा आणि आम्हाला वाटायचं, कविता पोचली! पोचलं होतं ते मरण. कविता आधी लिहिली गेली, अपघात नंतर झाला. जे नंतर घडलं ते आम्ही कवितेच्या आधी नेऊन ठेवलं आणि त्यालाच तिचं कारण केलं. तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाला जी चूक खोडायची, तीच चूक कवितेच्या तासाला चालवून घेतली. डोहातली उदासी खरी आहे, पण ती त्या आठ ओळींतूनच दाखवता यायला हवी: हिरवा रंग, मग पांढरी वाट, मग काळं पाणी, असा नजरेचा उतार आहे तिथं. ते मुलांना दाखवायचं राहून गेलं.

इंदिरा संतांच्या बाबतीत हा अन्याय जास्त झाला. 1946 साली त्यांचे पती ना. मा. संत गेले. पुढं 'शेला', 'मेंदी', 'मृगजळ' हे संग्रह आले. मग सूत्र तयार झालं: दुःख झालं, म्हणून कविता झाली. पण 1940 सालीच पतिपत्नींचा 'सहवास' हा संग्रह निघाला होता! त्या आधीपासून कवी होत्या. आणि अशी दुःखं किती घरांत होतात. सगळ्या घरांतून कविता निघत नाहीत. दुःखालाच कवितेची आई ठरवलं की बाईचं शब्दांवरचं कष्टाचं काम आपण अदृश्य करतो.

त्यांची पावसाला विनवणी करणारी कविता आठवा. सुरुवातीला पाऊस म्हणजे त्रास. घर मोडकं, आत पाणी, भांडीकुंडी, कपडे यांची काळजी. एखादी संसारी बाई शेजाऱ्याशी भांडते तसं ती पावसाशी बोलते. आणि मग मागणं फिरतं. वाटेवर निघालेल्या माणसाला तू आडवा जा, माघारी वळव, तर मग तुझं सगळं सोसेन. तोच पाऊस, पण आधी तो घर बुडवणारा होता, आता माणूस परत आणू शकणारा तो एकटाच उरतो. हा पालट कवितेच्या आत, आपल्या डोळ्यांदेखत होतो. तो समजायला चरित्राची गरज नाही. चरित्र माहीत असेल तर ते बाहेर ओसरीवर बसू द्यावं.

आता त्या श्रोत्याकडं येऊ. डोंगर तुम्हाला काही देत नाही, कारण तुमचं अजून त्याच्याकडं काही काम नाही. तुम्ही त्याच्यासमोर पाहुणे म्हणून बसलात. वर्णन लिहायला जाऊ नका. नोकरी सुटल्यावर सकाळी दहा वाजता हात कुठं ठेवावेत हे कळत नाही ना? तिथून सुरू करा. त्या दहा वाजता डोंगरावर ऊन कुठवर आलेलं असतं, ते बघा. पूर्वी त्या वेळी तुम्ही हजेरीच्या वहीवर सही करत होता. या दोन गोष्टी एका ओळीत बसतात का, ते तपासा. बहुतेक वेळा बसणार नाहीत. मग ती ओळ खोडा आणि पुन्हा लिहा. आपण ज्याला स्फूर्ती म्हणतो, तिचा बराचसा भाग या खोडण्यात असतो.

कविता येईलच, असं आश्वासन आम्ही देत नाही. पण वही कोरी राहिली म्हणून डोंगराला किंवा स्वतःला दोष देऊ नका. पुढच्या वेळी कथेकडं वळू. प्रश्न असतील तर आता विचारा.