मचाणाखालची तुकडी

नील मार्शल या ब्रिटिश दिग्दर्शकाचा ‘डॉग सोल्जर्स’ (२००२) हा पहिला चित्रपट विनोदाची फोडणी दिलेला अल्पखर्ची भयपट म्हणून ओळखला जातो. मला तो मुख्यतः आज्ञापालनाविषयीचा चित्रपट वाटतो.

स्कॉटलंडच्या डोंगराळ रानात सरावासाठी उतरलेली सहा सैनिकांची तुकडी लांडगामाणसांच्या तावडीत सापडते. मेगन ही प्राणिशास्त्रज्ञ त्यांना एका एकाकी शेतघरात पोहोचवते. उजाडेपर्यंत ते घर लढवायचं, एवढंच मग हाती उरतं. पुढे उघड होतं, की सराव हे केवळ निमित्त होतं. विशेष दलाच्या कॅप्टन रायनला लांडगामाणूस जिवंत पकडायचा होता आणि ही तुकडी म्हणजे त्यासाठी मचाणाखाली बांधलेलं बोकड.

या विश्वासघाताची बीजं सुरुवातीलाच पेरलेली आहेत. विशेष दलाच्या निवडचाचणीत रायन कूपरला एका कुत्र्यावर गोळी झाडायला सांगतो. विनाकारण कुत्रा मारायला कूपर नकार देतो आणि नापास ठरतो. गोळी मग रायनच झाडतो. कुत्र्याचा जीव हिशेबात न धरणारा हा अधिकारी पुढे माणसांचाही धरत नाही.

याउलट सार्जंट वेल्स. हुकूम तोही सोडतो, पण माणसं जगावीत म्हणून. लांडग्याचं विष अंगात भिनत असताना तो कूपरला तळघरात पाठवतो आणि स्वतःसकट घर गॅसच्या स्फोटाने उडवून देतो. शिस्तीला चित्रपटाचा विरोध नाही. हुकूम देणारा त्याची किंमत कोणाकडून वसूल करतो, हा त्याचा प्रश्न आहे.

अशा चित्रपटांत रूपांतराचं दृश्य म्हणजे मानाचं पान. ‘ॲन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन’मध्ये (१९८१) रिक बेकरने ते भर उजेडात दाखवलं आणि रंगभूषेचं ऑस्कर मिळवलं. मार्शलकडे तेवढा पैसा नव्हता. त्याने संगणकी लांडग्यांऐवजी पोशाख चढवलेली माणसं उभी केली आणि रायनचं रूपांतर बरंचसं चौकटीबाहेर ठेवलं. ही काटकसर आशयाच्या पथ्यावर पडली आहे. रायनमधला लांडगा आपण निवडचाचणीतच पाहिलेला असतो.

मेगनच्या बाबतीत मात्र मार्शल कमी पडतो. तीही त्या लांडगाकुटुंबातलीच निघते. माणूसपण आणि कुळ यांत अडकलेली ही बाई खरं तर चित्रपटातली सर्वांत गुंतागुंतीची व्यक्ती. पण तिची कोंडी उलगडण्याऐवजी तिला एका बाईलबुच्च्या विनोदावर आणि धक्क्यावर संपवलं जातं.

तरीही शेवट मला पटतो. लांडगा झालेल्या रायनला कूपर तळघरात ठार करतो आणि बाहेर पडतो तेव्हा सोबतीला त्या घरातला कुत्रा असतो. चाचणीत नापास झालेला सैनिकच तेवढा जिवंत उरतो.