फॉर्मचा पुनर्वापर आणि क्लासची संकल्पना : व्हिज्युअल फॉक्सप्रोच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

डेटाबेस प्रोग्रॅमिंग शिकविताना 'फॉर्म एकदा तयार करा, क्लास म्हणून साठवा आणि हवा तेथे वापरा' असे सांगण्याचा प्रघात आहे. १९९५ साली व्हिज्युअल फॉक्सप्रो ३.० बाजारात आले, तेव्हा ही सोय डीबेस परंपरेतील प्रोग्रॅमरच्या हाती आली. २००४ मधील ९.० ही त्याची अखेरची आवृत्ती ठरली आणि जानेवारी २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने दिलेला आधारही संपला. साधन मागे पडले, तरी त्यामागील पुनर्वापराची कल्पना अन्य भाषांच्या अध्यापनात टिकून आहे. म्हणून तिची चिकित्सा आजही आवश्यक वाटते.

पद्धतीचे सामर्थ्य

विठ्ठलवाडी परिसरातील एखाद्या लहान शिलाई कारखान्याची कल्पना करू. खरेदी बिल, जॉबवर्क चलन आणि कारागिरांची हजेरी असे तीन फॉर्म तेथे लागतील. 'नवीन', 'जतन', 'शोध' व 'बंद' ही बटणे तिन्हींवर असतील. नवशिका विद्यार्थी पहिल्या फॉर्मची नक्कल करून उरलेले दोन तयार करतो. परिणामी पहिल्यातील चूक तिन्ही ठिकाणी जाते आणि दुरुस्तीही तीनदा करावी लागते. 'सेव्ह अ‍ॅज क्लास' या आज्ञेने समान भाग क्लास लायब्ररीत साठविल्यास एका दुरुस्तीचा लाभ सर्व वारस फॉर्मना मिळतो. येथपर्यंत या पद्धतीचा गौरव रास्तच आहे.

मर्यादा

पहिली अडचण मेथडची आहे. मूळ क्लासमधील 'जतन' बटण नोंद टेबलात लिहिते. विद्यार्थी हजेरीच्या फॉर्ममध्ये त्याच बटणावर स्वतःची तपासणी लिहितो. त्या क्षणी मूळ कोड बाजूला पडतो. डूडिफॉल्ट या फंक्शनने त्याला हाक मारल्याखेरीज तो चालत नाही. केवळ टिप्पणीची एक ओळ लिहिली तरी हेच घडते. पडद्यावर कोणतीही त्रुटी दिसत नाही, मात्र कारागिराची हजेरी नोंदविलीच जात नाही आणि त्याचा फटका त्याच्या मजुरीला बसतो.

दुसरी अडचण प्रॉपर्टीची आहे. वारस फॉर्ममध्ये एखादे मूल्य बदलले की मूळ क्लासमधील पुढील बदल तेथे पोहोचत नाही. शिवाय मूळ क्लासमधील नको असलेले बटण वारस फॉर्ममधून काढून टाकता येत नाही, फक्त लपविता येते. फॉर्मचे डेटा एन्व्हायर्नमेंटही फॉर्म-क्लासबरोबर जात नसे. त्याचा स्वतंत्र क्लास करण्याची सोय २००३ मधील ८.० आवृत्तीत आली.

तिसरी मर्यादा मराठी वापरकर्त्याला विशेष जाणवणारी आहे. या प्रणालीची नियंत्रणे युनिकोड थेट हाताळत नसल्याने मराठी मथळ्यांसाठी स्वतंत्र सांकेतिकरण असलेले फॉन्ट वापरावे लागत. मूळ लेबल-क्लासमध्ये फॉन्टचे नाव बदलले की ते सर्वत्र बदलते, परंतु मथळ्यातील अक्षरांचे संकेत जुन्या फॉन्टचेच राहतात. सर्व फॉर्म एकाच वेळी अवाचनीय होतात. वारशाने रूप पोहोचले, आशय मात्र पोहोचला नाही.

निष्कर्ष

दोष वारशाच्या संकल्पनेत नसून ती 'आराखडा साठविण्याची युक्ती' म्हणून शिकविण्यात आहे. समान काय आणि भिन्न काय, हा निर्णय आज्ञा देण्यापूर्वी व्हावयास हवा. मूळ क्लासच्या 'जतन' मेथडने 'तपासणी' नावाच्या रिकाम्या मेथडला हाक मारावी आणि वारस फॉर्मने केवळ ती रिकामी मेथड भरावी. अशा रचनेत मूळ कोड नकळत बाजूला पडण्याची शक्यता पुष्कळच कमी होते. प्रात्यक्षिक परीक्षेत फॉर्मच्या देखणेपणाला गुण देण्याऐवजी, मूळ क्लासमध्ये एक बदल करावयास लावून वारस फॉर्म टिकतात का हे तपासावे. पुनर्वापराचे खरे आकलन त्याच कसोटीवर दिसून येईल.