नाव नसलेले चेहरे

छायाचित्र स्वतःच बोलते, त्याला शब्दांचा टेकू नको, असा समज हौशी छायाचित्रकारांच्या मंडळांत रूढ आहे. स्पर्धेत छायाचित्रकाराचे नाव परीक्षकांपासून झाकून ठेवतात, ते न्यायाला धरूनच आहे. परंतु त्याबरोबर चित्रातील माणसाचे नाव, गाव आणि सालही गळून पडते. बेळगाव-निपाणी परिसरातील हौशी छायाचित्रणाचा विचार करताना हीच उणीव मला सर्वांत मोठी वाटते.

मंडळांचे ऋण नाकारता येणार नाही. सहली, स्पर्धा, परस्परांच्या चित्रांची चिकित्सा, १९ ऑगस्टच्या जागतिक छायाचित्रण दिनाचे प्रदर्शन, अशा उपक्रमांनी हौशी माणसाला प्रकाश पाहायला शिकवले. गोकाकचा धबधबा, राजहंसगडावरचे धुके, बेळगावच्या किल्ल्यातील कमलबस्तीचे स्तंभ हे विषय या नजरेला उत्तम मानवतात. अडचण येते ती चौकटीत माणूस आल्यावर. सुरकुतलेला चेहरा ‘वार्धक्य’ होतो. बिड्या वळणारी स्त्री ‘श्रम’ होते.

हा दोष जुनाच आहे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिचे सभासद होते. सोसायटीच्या आश्रयाने १८५६ ते १८५८ या काळात हौशी छायाचित्रकारांसाठी जो अल्बम निघाला, त्यातील माणसांना बहुधा जातीचे वा धंद्याचे नाव मिळाले, स्वतःचे क्वचितच. त्याच्या कर्त्यांपैकी विल्यम जॉन्सन यांनी १८६३ च्या आपल्या ग्रंथात तर माणसांच्या आकृती निराळ्याच पार्श्वभूमीवर बसवल्या. माणसाचा एकदा नमुना झाला की त्याचे ठिकाणही बदलता येते.

आता निपाणीकडे वळू. तंबाखूच्या वखारीतील धूळ आणि तीतून उतरणारा तिरपा उजेड कोणाही छायाचित्रकाराला मोह घालील. परंतु १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली याच भागातील तंबाखू उत्पादकांनी पुणे-बंगळूर महामार्ग रोखला आणि एप्रिलमध्ये झालेल्या गोळीबारात शेतकरी मृत्युमुखी पडले. त्या आधीचा शेतकऱ्याचा चेहरा आणि त्या नंतरचा चेहरा आपण एकाच दृष्टीने पाहू शकत नाही. साल नसेल, तर हा भेद प्रेक्षकाला कळणार कसा?

शीर्षकाने चित्राचे सौंदर्य उणावते, असा आक्षेप येईल. कवितेखाली कवीचे नाव व साल छापल्याने कविता उणावत नाही. आपल्या जुन्या घरांतील अल्बम आठवावेत. स्टुडिओतील त्या चित्रांत कलात्मकता बेताचीच. पण ज्यांच्या पाठीवर शाईने नाव, गाव, नाते लिहिले आहे, ती नातवंडांनाही ओळखता येतात. ज्यांची पाठ कोरी, ती ओळखणारा माणूस गेला की परकी होतात.

म्हणून मंडळांनी निकाल लागल्यानंतर प्रदर्शनात प्रत्येक चित्राखाली स्थळ व तारीख, आणि त्या व्यक्तीच्या संमतीने तिचे नाव, मराठी व कन्नड दोन्ही लिप्यांत लिहावे. ज्या मुलखात पाटीवरच्या अक्षरांवरून वाद पेटतात, तेथे एका माणसाचे नाव दोन लिप्यांत शेजारी शेजारी उभे राहणे ही लहान गोष्ट नव्हे.