रक्त, आज्ञा आणि माणूसपण : ‘हेलसिंग’ या जपानी अ‍ॅनिमे मालिकेचे एक आस्वादक वाचन

प्रास्ताविक

मराठी समीक्षेने भयकथेकडे बराच काळ दुय्यम करमणूक म्हणून पाहिले. नारायण धारप (1925-2008) यांच्यासारख्या लेखकाला उदंड वाचक लाभले. परंतु महाविद्यालयीन अभ्यासक्रमात त्यांना स्थान मिळाले ते अपवादानेच. जपानी अ‍ॅनिमेची स्थिती आपल्याकडे याहूनही बिकट आहे. प्राध्यापकवर्गाच्या दृष्टीने ती ‘मुलांची कार्टून’ असतात आणि त्यांत रक्तपात असेल तर ती ‘मुलांना बिघडवणारी कार्टून’ ठरतात. प्रस्तुत लेखात ‘हेलसिंग’ या अतिशय हिंसक व्हॅम्पायर-मालिकेचा परामर्श घेण्याचा प्रयत्न केला आहे. लेखक या मालिकेचा चाहता आहे, हे आरंभीच नमूद करणे प्रामाणिकपणाचे ठरेल. 2008 च्या पावसाळ्यात लोणावळ्यात एका विद्यार्थ्याने आणून दिलेल्या सीडीवर तिचे काही भाग प्रथम पाहिले, तेव्हा ‘हे मुलांनी पाहू नये’ आणि ‘पुढचा भाग कधी मिळेल’ असे दोन विचार एकाच वेळी मनात आले. या दोन विचारांतील विसंगती हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

मालिकेचे स्वरूप

‘हेलसिंग’ ही मुळात कोउता हिरानो यांची चित्रकथा, म्हणजे मांगा. ती 1997 ते 2008 या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली आणि पुढे दहा खंडांत संकलित झाली. तिच्यावर दोन स्वतंत्र मालिका निघाल्या. पहिली 13 भागांची दूरचित्रवाणी मालिका गोन्झो या संस्थेने 2001-02 मध्ये केली. मूळ चित्रकथा तेव्हा अपूर्ण असल्याने तिचा उत्तरार्ध स्वतंत्रपणे रचावा लागला. दुसरी ‘हेलसिंग अल्टिमेट’ ही दहा भागांची मालिका 2006 ते 2012 या काळात थेट डीव्हीडीच्या माध्यमातून आली आणि मूळ कथेशी बरीच एकनिष्ठ राहिली.

कथेचा सांगाडा असा : ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’ (1897) या कादंबरीतील व्हॅन हेलसिंगचे वंशज इंग्लंडमध्ये रक्तपिपासूंचा नायनाट करणारी एक गुप्त संस्था चालवतात. इंटेग्रा ही तरुणी संस्थेची प्रमुख. तिच्या हातातले सर्वांत प्रभावी अस्त्र म्हणजे अलुकार्ड. हे नाव उलट वाचले की ‘ड्रॅक्युला’ होते. ज्याला पूर्वजाने पराभूत केले, तोच आता घराण्याचा बांधील सेवक आहे. व्हॅटिकनच्या इस्कॅरिअट या गुप्त शाखेचा फादर अँडरसन हा त्याचा प्रतिस्पर्धी आणि नाझी जर्मनीचा एक अवशिष्ट ‘मेजर’, जो रक्तपिपासूंची फौज घेऊन लंडनवर चाल करतो, हा कथेतील खरा खलनायक.

राखणदार राक्षस : मराठी मनाला ओळखीची कल्पना

संकटाचे निवारण करणारी शक्ती स्वतःच भयंकर असावी, ही कल्पना पाश्चात्त्य व्हॅम्पायर-कथेत आडवाटेची असली तरी आपल्याकडे ती सवयीची आहे. वेताळ हा भुतांचा राजा. परंतु तोच अनेक गावांच्या वेशीवर राखण करतो. गोव्यात आमोण्यासारख्या गावी बेताळाचे देऊळ आहे, तर पुण्यात वेताळ टेकडी प्रसिद्धच आहे. अमावास्येच्या रात्री वेताळाची स्वारी निघते, ती वाटेत आडवी येऊ नये, असे जुनी माणसे सांगत. आणि तीच माणसे त्याच्या तांदळ्याला नारळही फोडत. भीती आणि भक्ती यांत त्यांना विरोध वाटत नसे.

मावळात तर या प्रश्नाला दगडाचा आधार आहे. कार्ल्याच्या शिलालेखात ‘मामल’ म्हणून या प्रदेशाचा उल्लेख येतो. अहिंसेचा उपदेश करणाऱ्या भिक्षूंच्या त्या चैत्यगृहाच्या दारातच एकवीरा देवीचे ठाणे आहे आणि तिला कोंबड्या-बकऱ्यांचे नवस बोलण्याची परंपरा आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ (1962) या ग्रंथात या परिसरातील मातृदेवतांच्या स्थानांचा पायी हिंडून अभ्यास केला. देवतेच्या दगडाला लावला जाणारा शेंदूर हा प्राचीन रक्तबळीचा पर्याय आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. म्हणजे आपल्या संस्कृतीने रक्ताची गरज नाकारली नाही. तिला रंगाचे रूप देऊन आवर घातला. ‘हेलसिंग’च्या पडद्यावर पसरणारा लाल रंग पाहताना या शेंदराची आठवण होते, परंतु त्याबरोबर एक फरकही जाणवतो. शेंदूर रक्ताची जागा घेतो. येथे मात्र रंग पुन्हा रक्ताकडे परत जातो.

आज्ञा आणि जबाबदारी

मालिकेतील सर्वांत अर्थपूर्ण नाते इंटेग्रा आणि अलुकार्ड यांचे आहे. अलुकार्ड स्वतःहून युद्ध पुकारत नाही. तो आज्ञेची वाट पाहतो. आपण बंदूक आहोत, चाप ओढणारी तू आहेस, असा त्याच्या बोलण्याचा रोख असतो. शत्रू रक्तपिपासू नसून साधे सैनिक असतात, तेव्हा तो हा प्रश्न मुद्दाम तिच्यासमोर ठेवतो. इंटेग्रा क्षणभर थरथरते आणि आज्ञा देते. येथे मालिका एक गंभीर राजकीय सत्य सांगून जाते : हिंसा दुसऱ्याच्या हातून घडवली म्हणून घडवणाऱ्याची जबाबदारी कमी होत नाही.

धारपांच्या ‘समर्थ’ कथांशी तुलना केली तर हा मुद्दा स्पष्ट होतो. समर्थ हे साधनेने सामर्थ्य मिळवलेले सज्जन पुरुष आहेत. त्यांच्या कथांत वाचक निर्धास्त असतो, कारण रक्षणकर्त्याच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नसते. ‘हेलसिंग’मध्ये रक्षणकर्त्याची शंका पदोपदी येते.

माणूस राहण्याचा हट्ट

सेरास व्हिक्टोरिया ही पोलीस शिपाई या मालिकेचे अंतःकरण होय. ओलीस धरलेल्या सेरासच्या शरीरातून गोळी झाडून अलुकार्ड शत्रूला मारतो आणि मरणोन्मुख सेरासला रक्तपिपासू होऊन जगण्याचा पर्याय देतो. ती जगणे निवडते. परंतु त्यानंतर दीर्घकाळ रक्त पिण्यास नकार देते. अखेरीस ती रक्त पिते ते पिप बर्नाडॉट या मरणासन्न साथीदाराचे, आणि तेही त्याच्या इच्छेने. लुटून घेतलेले रक्त आणि प्रेमाने दिलेले रक्त यांतील भेद कथेने येथे फार नेटकेपणाने दाखवला आहे.

दुसरा उत्कट क्षण अँडरसनच्या शेवटाचा. राक्षसाला मारण्याचा अधिकार फक्त माणसाला आहे, अशी अलुकार्डची धारणा आहे. अँडरसन विजयासाठी एका पवित्र खिळ्याने स्वतःला अमानुष करून घेतो, तेव्हा अलुकार्ड संतापतो, विनवतो आणि शेवटी शोक करतो. ज्याने स्वतः कधीकाळी माणूसपण सोडले, त्यालाच त्याचे मोल कळलेले असते. मेजरच्या बाबतीत हिरानो हाच प्रश्न उलटा करून मांडतात. त्याचे शरीर जवळजवळ यंत्राचे आहे, तरीही स्वतःची इच्छा शाबूत आहे म्हणून आपण माणूसच, असा त्याचा दावा आहे. हा दावा तार्किकदृष्ट्या खोडता येत नाही आणि म्हणूनच तो अस्वस्थ करतो. माणूसपण म्हणजे चांगुलपणा नव्हे, हे मालिका आपल्याला मान्य करायला लावते.

आक्षेप

चाहत्याने येथे थांबू नये. पहिला आक्षेप असा की, लंडनच्या विध्वंसात मरणाऱ्या असंख्य नागरिकांना चेहरा नाही. प्रमुख पात्रांचे मरण संथ, संगीतमय आणि अर्थपूर्ण. सामान्यांचे मरण म्हणजे केवळ पार्श्वभूमी. दुसरा आक्षेप मेजरच्या युद्धप्रेमाच्या प्रदीर्घ भाषणाविषयी. युद्धाच्या एकेका प्रकारावरील आपले प्रेम तो चढत्या लयीत सांगतो आणि ती लय इतकी प्रभावी आहे की, प्रेक्षक आशय विसरून तिच्यात सामील होतो. हा फॅसिझमच्या आकर्षणाचा उलगडा आहे की त्याचे प्रदर्शन, याचा निर्णय मालिका देत नाही. नाझी गणवेश आणि ख्रिस्ती चिन्हे येथे इतिहासातून सुटी करून वेशभूषेसारखी वापरली आहेत, हा तिसरा आक्षेप.

या तुलनेत 2001 ची मालिका कलादृष्ट्या अधूरी असली तरी अधिक संयत आहे. तिच्यातील रिकामे रस्ते, अंधार आणि सेरासचे एकाकीपण हिंसेला वजन देतात. ‘अल्टिमेट’मध्ये अतिरेकामुळे हे वजन पुष्कळदा हरवते. शंभरावा देह फाटतो तेव्हा प्रेक्षकाला भय वाटत नाही. केवळ चित्रकाराचे कौशल्य दिसते. भयकथेच्या दृष्टीने ही हार आहे.

समारोप

वेताळपंचविशीतील वेताळ राजाच्या खांद्यावर बसून गोष्टी सांगतो आणि प्रत्येक गोष्टीच्या शेवटी प्रश्न विचारतो. उत्तर ठाऊक असूनही राजा गप्प राहिला, तर त्याच्या मस्तकाची शकले होतील, अशी अट असते. रिचर्ड बर्टनने 1870 मध्ये इंग्रजीत आणताना या वेताळाला ‘व्हॅम्पायर’ म्हटले. परंतु आपला वेताळ रक्तासाठी नव्हे, न्यायनिवाड्यासाठी अडून बसतो आणि अखेरीस कपटी योग्यापासून राजाचे प्राणही वाचवतो. अलुकार्ड प्रश्न विचारतो तो क्वचित, आणि विचारला तरी पुढच्या स्फोटात तो बुडून जातो. त्यामुळे प्रश्न विचारण्याचे काम प्रेक्षकावर येते.

ज्या विद्यार्थ्याने सीडी आणून दिली, त्याला काही दिवसांनी विचारले, “तुला यात काय आवडले?” तो प्रथम म्हणाला, “मारामारी, सर.” थोडे थांबून म्हणाला, “पण सेरास रक्त पीत नाही ना, ते जास्त.” वर्गातील अनेक चर्चांतून जे निघत नाही, ते या दोन वाक्यांत होते. अशा कलाकृतींना बंदी घालून किंवा त्यांच्याकडे पाठ फिरवून विद्यार्थ्यांच्या मनातील पहिले वाक्य पुसले जाणार नाही. दुसरे मात्र बोलले जायचे राहून जाईल. ते बोलले जावे यासाठी अध्यापकाने ही मालिका पाहिलेली असणे आवश्यक आहे, आणि ती पाहताना आपल्यालाही पहिले वाक्य सुचले होते, हे मान्य करण्याची त्याची तयारी असली पाहिजे.